ऋतू पाहून गळ : ब्रीम माशाचे एक वर्ष

जानेवारी महिना. रशियातील व्होल्गा नदीवरच्या रिबिन्स्क जलाशयावर दीड-दोन फूट जाडीचा बर्फ धरलेला आहे. हवेचे तापमान शून्याखाली पंधरा अंश. बर्फाला गिरमिटाने पाडलेल्या वीतभर रुंदीच्या भोकाशी एक माणूस लाकडी पेटीवर बसला आहे. केसासारखा बारीक दोरा त्याने भोकातून खाली सोडला आहे आणि दोऱ्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढे धातूचे गोळीवजा आमिष व एक तांबडी अळी आहे. हाच माणूस जुलै महिन्यात त्याच जलाशयाच्या काठी मध्यरात्री बसलेला दिसेल. त्या वेळी त्याच्याजवळ लांब काठी, जाड दोरा, मोठा गळ आणि बादलीभर शिजवलेली पेज असेल. दोन्ही वेळी त्याला हवा असतो तो मासा एकच. इंग्रजीत त्याला ब्रीम म्हणतात आणि रशियन भाषेत लेश्च.

मासा एकच आणि जलाशयही एकच. मग जागा, वेळ, आमिष आणि साधने एवढी का बदलावी लागतात? गळ टाकणारे जुने लोक याची उत्तरे नियमांच्या रूपात पाठ म्हणून दाखवतात. हिवाळ्यात सर्वांत खोल डोह शोधावा, उन्हाळ्यात मात्र सर्वांत खोल जागा टाळावी. गारठ्यात अळी लावावी, उकाड्यात दाणा. वसंतात काही आठवडे गळ गुंडाळून ठेवावा. हे नियम अनुभवाचे आहेत आणि बहुतेक खरेही आहेत. त्यांच्या मुळाशी मात्र आपल्या शाळेतील पदार्थविज्ञानच आहे. पाण्याचे तापमान, त्यात विरघळलेला प्राणवायू आणि तळाशी मिळणारे अन्न या तीन गोष्टी लक्षात घेतल्या, तर बहुतेक सर्व नियम आपल्याला घरबसल्या मांडता येतात.

मासा कसा आहे?

ब्रीमचे शास्त्रीय नाव अब्रामिस ब्रामा. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आयर्लंड-इंग्लंडपासून कॅस्पियन समुद्राला मिळणाऱ्या नद्यांपर्यंत, संथ पाण्यात व तलावांत हा मासा आढळतो. (समुद्रातल्या काही अगदी निराळ्या माशांनाही इंग्रजीत ब्रीमच म्हणतात. त्यांच्याशी आपल्याला येथे कर्तव्य नाही.) आपले रोहू, कटला आणि मृगळ ज्या गणात मोडतात त्याच गणात ब्रीमही येतो. तळाशी चरण्याच्या सवयीमुळे तो मृगळाची आठवण करून देतो.

शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, पण पाठीपासून पोटापर्यंत चांगलेच उंच. आडवा धरला तर ताटलीसारखा दिसतो. लांबी साधारण ३० ते ५० सेंटिमीटर आणि वजन १ ते ३ किलोग्रॅम असते. लहानपणी तो रुपेरी असतो, वय वाढेल तसा काशाच्या जुन्या भांड्यासारखा तपकिरी-पिवळा होतो. या ताटलीसारख्या आकाराचा त्याला मोठा फायदा आहे. त्या पाण्यातला मुख्य शिकारी म्हणजे पाईक मासा. तो भक्ष्य अख्खे गिळतो, आणि वाढलेला ब्रीम त्याच्या जबड्यात मावतच नाही.

ब्रीमच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात. तोंड मात्र विलक्षण आहे. दुमडलेली नळी उघडावी तसे ते पुढे आणि खाली लांबते. डोके खाली व शेपूट वर करून मासा तळाच्या गाळात तोंड खुपसतो आणि गाळ शोषून घेतो. मग तोंडातल्या तोंडात गाळणी चालू होते. कल्ल्यांच्या कमानींवर कंगव्यासारखे आखूड काटे असतात. त्यांच्यामधून पाणी व बारीक गाळ निसटून जातो आणि खाद्य मागे राहते. हॉलंडमधील व्हाखेनिंगेन येथील संशोधकांनी १९९१ च्या सुमारास असे दाखवले, की ब्रीम हे काटे हलवून आपल्या चाळणीची भोके लहानमोठी करू शकतो. घरात रव्याची आणि मैद्याची चाळणी वेगवेगळी असते. ब्रीमचे काम एकाच चाळणीत भागते!

या गाळात त्याला हवे असते काय? मुख्यतः कायरोनोमस वर्गातील, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या. आपल्याकडेही जुन्या हौदाच्या तळाशी वळवळणाऱ्या लालभडक अळ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या याच जातकुळीतल्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. याशिवाय शिंपले, गोगलगाई, कृमी आणि पाण्यातील बारीक प्लवकही ब्रीम खातो.

आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. रोहूप्रमाणेच ब्रीमलाही जठर नसते. खाल्लेले अन्न सरळ आतड्यात जाते. म्हणजे एकदाच भरपूर खाऊन साठवून ठेवण्याची सोय नाही. त्याला थोडे थोडे, सतत खावे लागते. शिवाय तो थंड रक्ताचा प्राणी. शरीराचे तापमान पाण्याएवढेच. पाणी १० अंशांनी थंड झाले, की शरीरातील रासायनिक क्रिया निम्म्या किंवा त्याहूनही मंद होतात आणि पचनही त्याच प्रमाणात मंदावते.

बर्फाखालचे जग

आता हिवाळ्यापासून सुरुवात करू. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते हे तुम्ही शिकला आहात. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि मग ते विसरले जाते. ब्रीमचे आयुष्य मात्र या एका गोष्टीवर बेतलेले आहे. ४ अंशांच्या एक लिटर पाण्याचे वस्तुमान जवळजवळ १,००० ग्रॅम भरते, तर शून्य अंशाच्या एक लिटर पाण्याचे ९९९.८४ ग्रॅम. फरक चिमूटभर मिठाएवढा. पण तेवढ्यानेही ४ अंशांचे पाणी तळाशी जाऊन बसते आणि शून्य अंशाचे पाणी वर राहून गोठते. बर्फ तर आणखी हलका. तो वर तरंगतो आणि गोधडीसारखे काम करतो. वरच्या हवेत उणे वीस अंश असले तरी खोल तलावाच्या तळाशी ३-४ अंश तापमान टिकून राहते.

म्हणून हिवाळ्यात ब्रीम खोल डोहात गोळा होतात. वाहत्या नदीत कारण थोडे वेगळे असते. तेथे पाणी ढवळलेले असल्याने वर-खाली तापमान सारखेच असते, पण डोहात प्रवाह मंद असतो. प्रवाहाविरुद्ध पोहण्यात खर्च होणारी शक्ती वाचते. पोटात अन्न कमी, तेव्हा काटकसर करणे भागच असते.

गळ टाकणारे रशियन लोक बर्फाच्या या काळाचे तीन भाग करतात. पहिला बर्फ, मधला काळ आणि शेवटचा बर्फ. मधल्या काळाला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘बहिरा हिवाळा’ असा होतो. नाव फार समर्पक आहे. पहिल्या बर्फाच्या दिवसांत पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, कारण थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो. ४ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे १३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांच्या पाण्यात फक्त ८. त्यामुळे या काळात ब्रीम अजून हिंडतो, खातो आणि गळालाही लागतो. पण बर्फाचे झाकण बसले, की हवेतून नवा प्राणवायू मिळणे बंद होते. बर्फावर हिम साचले, की प्रकाशही आत जात नाही आणि पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण थांबते. खर्च मात्र चालूच असतो. मासे श्वास घेतात आणि तळाशी कुजणारा पालापाचोळाही प्राणवायू खातो. खर्च आहे पण जमा नाही, असा हा हिशेब दोन-तीन महिने चालतो. जानेवारी-फेब्रुवारीत मासा जणू बहिरा होतो. त्याच्या नाकापुढे अळी नाचवली तरी तो हलत नाही. उथळ, गाळाच्या तळ्यांत तर ही शिल्लक पार संपते आणि मासे गुदमरून मरतात.

मार्चमध्ये हिम वितळू लागते. वितळलेले पाणी भोकांतून व भेगांतून खाली उतरते, ओढे वाहू लागतात आणि ताजा प्राणवायू तलावात येतो. मासे पुन्हा हलू लागतात. हाच शेवटचा बर्फ. मासे मिळण्याच्या दृष्टीने हा उत्तम काळ, आणि माणसाच्या दृष्टीने सर्वांत घातक. स्वच्छ, पक्का बर्फ १० सेंटिमीटर जाड असला तर एका माणसाचे वजन सहज पेलतो. पण वसंतातल्या उन्हाने बर्फाच्या उभ्या स्फटिकांमधले सांधे सुटतात. मेणबत्त्यांचा जुडगा उभा बांधावा तशी त्याची रचना होते, आणि तीस सेंटिमीटर जाडीचा बर्फही पायाखाली कोसळतो. दर वर्षी या मोसमात तेथे माणसे बुडतात. जाडी मोजणे पुरेसे नाही. बर्फ कोणत्या महिन्यातला आहे हे आधी पाहिले पाहिजे.

बर्फाखालील मासेमारीत गळाला जोडलेली धातूची जी इवलीशी गोळी वापरतात तिला मोर्मिश्का म्हणतात. मोर्मिश हे झिंग्याच्या जातीच्या एका चिमुकल्या जलचराचे स्थानिक नाव. गोळी हलकेच थरथरवली की ती त्या जलचरासारखी हलते. हिवाळ्यात मोठा घास मासा घेत नाही, कारण तो पचणारच नाही. म्हणून आमिष बारीक, दोरा बारीक आणि हालचालही बारीक.

डोहात गोळा होण्याची ही सवय माशांना महागही पडते, कारण एका जाळ्यात शेकडो मासे सापडतात. हॉलंडमधील वोल्डरवाइड तलावात १९९०-९१ च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी मुद्दाम असे केले. ब्रीम सतत गाळ उकरतात, त्यामुळे पाणी गढूळ होते आणि पाणवनस्पतींना प्रकाश मिळत नाही. म्हणून मोठ्या प्रमाणावर मासे काढण्यात आले आणि पाणी काही काळ निवळलेही. गाळणीने जेवणारा मासा सबंध तलावाचा रंग बदलू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

गळ गुंडाळण्याचे दिवस

एप्रिलमध्ये व्होल्गाच्या खोऱ्यात बर्फ फुटतो आणि नद्यांना पूर येतात. काठची कुरणे गुडघाभर पाण्याखाली जातात. मे महिन्यात हे उथळ पाणी झपाट्याने तापते. तापमान १५ अंशांच्या आसपास पोहोचले, की ब्रीमचे थवे खोल डोह सोडून या बुडालेल्या गवतात शिरतात. नरांच्या डोक्यावर व अंगावर पांढुरके खरखरीत ठिपके उठतात. रात्री आणि पहाटे मासे एवढी धडपड करतात, की पाणी थपाथप वाजत असल्याचा आवाज काठावर ऐकू येतो. एक मादी लाख-दोन लाख, मोठी असेल तर त्याहूनही अधिक अंडी घालते. अंडी चिकट असतात. ती गवताच्या पात्यांना व बुडालेल्या झुडपांना चिकटून राहतात आणि तापमानानुसार ३ ते १२ दिवसांत फुटतात.

आपल्याकडील रोहू-कटला पावसाळ्यातील पुराच्या पाण्यात अंडी घालतात. म्हणजे पुराने भरलेले उथळ पाणी दोघांनाही प्रिय. पण रोहूची अंडी चिकट नसतात आणि त्याला इशारा मिळतो तो पावसाचा व पुराचा. ब्रीमला तो मिळतो पाण्याच्या उबेतून. वसंत लांबला तर विणीचा काळही लांबतो.

हे दिवस मासे पकडण्यास सर्वांत सोपे असतात. मासे काठाशी, थव्याने, माणसाची पर्वा न करता वावरतात. याच दिवसांत त्यांना पकडू नये असा नियम का, हे सांगायला नको. पोटात लाखभर अंडी असलेली मादी उचलली तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या माशांना आपण आजच हात घातला असे होते. ब्रीम सावकाश वाढतो. साधारण तीन-चार वर्षांनी, उत्तरेकडील थंड पाण्यात त्याहून बऱ्याच उशिरा, तो वीण घालण्याजोगा होतो. रशियात वसंतातील काही आठवडे मासेमारीवर निर्बंध असतात, त्यांच्या तारखा प्रत्येक भागात निराळ्या. इंग्लंडमध्ये असा कायदा १८७८ साली झाला. तेथील नद्यांमध्ये आजही १५ मार्च ते १५ जून या काळात गोड्या पाण्यातील अशा माशांसाठी गळ टाकता येत नाही. बहुतेक तलावांना मात्र १९९५ पासून या बंदीतून वगळले आहे. हे वगळणे योग्य की अयोग्य यावर तेथे अजून वाद होतात. तलावातील ब्रीमही त्याच महिन्यांत अंडी घालतो, हा मुद्दा मला तरी विचार करण्याजोगा वाटतो.

नुसता गळ बाजूला ठेवल्याने प्रश्न संपत नाही. प्रारंभी ज्याचा उल्लेख केला तो रिबिन्स्क जलाशय १९४१ पासून भरू लागला आणि १९४७ मध्ये पूर्ण भरला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोवा राज्यापेक्षाही मोठे. हिवाळ्यात वीज निर्माण करण्यासाठी त्यातले पाणी सोडतात व पातळी खाली जाते. वसंतात बर्फ वितळून ती पुन्हा वाढली, कुरणे बुडाली, तर ब्रीमची वीण चांगली होते. पाणी कमी आले तर अंडी घालण्यास गवतच मिळत नाही. आणि अंडी घातल्यावर चार दिवसांत पातळी हातभर जरी उतरली, तरी पात्यांना चिकटलेली अंडी उघडी पडून वाळून जातात. अशा वर्षाची उणीव पुढे काही वर्षांनी जाळ्यांत दिसते. अंड्यांचे नशीब असे धरणाच्या दारांशी बांधलेले असते.

उन्हाळ्यातील तीन मजले

जून-जुलैमध्ये चित्र उलटे होते. खोल तलावाचे वरचे पाणी उन्हाने तापून २०-२२ अंशांवर जाते. तळाचे ६ ते ८ अंशांवरच राहते. या दोहोंमध्ये एक पातळ थर असतो. त्यात दोन-तीन मीटर खाली जाताच तापमान धाडकन उतरते. पोहणाऱ्याच्या पायाला अचानक गार पाणी लागते ते याच थरात. तलाव जणू तीन मजली होतो.

वारा सुटला तरी हे मजले का मिसळत नाहीत? येथेही आकडे बोलके आहेत. ४ अंशांचे पाणी ५ अंशांचे झाले तर लिटरमागे शतांश ग्रॅमाएवढाही फरक पडत नाही. पण २४ अंशांचे पाणी २५ अंशांचे झाले, तर लिटरमागे पाव ग्रॅम फरक पडतो. उकाड्यात एकेका अंशाला फार वजन येते. गरम, हलके पाणी वर ठाम बसून राहते.

परिणाम असा, की तळमजल्याला हवेचा स्पर्श होत नाही. वरून पडणारे मृत प्लवक तेथे कुजतात आणि प्राणवायू संपवतात. सुपीक तलावात ऑगस्टपर्यंत सर्वांत खोल जागा माशांना राहण्याजोगी उरत नाही. म्हणून हिवाळ्यात ज्या डोहात ब्रीम हमखास सापडे, त्याच डोहात उन्हाळ्यात गळ टाकणारा रिकाम्या हाताने परततो. तळाशी चरणारा मासा आणि तळाला प्राणवायू नाही, मग ब्रीम जातो कोठे? जेथे उतरता काठ त्या मधल्या थराच्या जरा वरच तळ बनतो, तेथे. काठापासूनच्या उताराची ही पट्टी म्हणजे उन्हाळ्यातला त्याचा ताटवाढीचा पाट. जाणकार माणूस दोऱ्याला शिशाचा तुकडा बांधून खोली मोजतो, शक्य झाल्यास तापमापक सोडतो आणि मग बसतो. चंद्राच्या कला पाहून बेत आखणारेही पुष्कळ आहेत. माझ्या मते स्वस्तातला ओळंबा आणि एक साधा तापमापक त्यांच्या कोष्टकापेक्षा जास्त मासे मिळवून देईल.

उथळ जलाशयांत आणि नद्यांत असे मजले टिकत नाहीत, वारा व प्रवाह ते ढवळून टाकतात. तेथे मासा प्रवाहाच्या कडेला, जुन्या बुडालेल्या पात्राच्या काठावर सापडतो.

उन्हाळ्यात ब्रीम रात्री चरतो. तिन्हीसांजेला तो उथळाकडे सरकतो आणि उजाडल्यावर माघारी जातो. याचे एक कारण सुरक्षितता. दुसरे असे, की तळातल्या अनेक अळ्या कोश बनून अंधार पडल्यावर पृष्ठभागाकडे निघतात, आणि तोच ब्रीमच्या जेवणाचा वेळ असतो. पण एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दाट पाणवनस्पती असलेल्या खाजणीत पहाटे मासा नसतो. दिवसा प्राणवायू देणाऱ्या त्याच वनस्पती रात्री श्वसन करून तो वापरतात. सूर्योदयापूर्वीच्या तासात तेथील प्राणवायू नीचांकी असतो.

मासा खाली चरत आहे हे वरून ओळखता येते. गाळ उकरला, की त्यात अडकलेले मिथेनसारखे वायू बारीक बुडबुड्यांच्या झुबक्यांनी वर येतात. संथ पाण्यावर अशी रेघ सरकताना दिसली, की खाली थवा चालला आहे असे समजावे.

शरद ऋतूचे फारसे सांगण्यासारखे नाही. सप्टेंबरमध्ये वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली बसते, मजले मोडतात आणि सबंध तलाव ढवळून निघतो. तळाला पुन्हा प्राणवायू मिळतो. मासे उथळातून क्रमाक्रमाने खोलाकडे निघतात आणि वाटेत हिवाळ्यासाठी चरबी साठवतात. या काळात दिवसाही मासा मिळतो, आणि तो वर्षातला सर्वांत धष्टपुष्ट असतो.

काय चारावे?

ब्रीम थव्याने हिंडतो, एका जागी टिकत नाही. त्याला थांबवायचे तर पाण्यात खाद्य टाकावे लागते. ही युक्ती जुनी आहे. आयझॅक वॉल्टन याने १६५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, मोड आणून भरडलेले जव उकळून ब्रीमसाठी टाकावे असे सांगितले आहे. रशियात सूर्यफुलाची पेंड, पावाचा चुरा, शिजवलेले धान्य आणि वासासाठी भाजलेल्या धण्यांची पूड घालतात. आपल्या स्वयंपाकघरातला हा पदार्थ व्होल्गाच्या ब्रीमलाही आवडतो, हे वाचून गंमत वाटेल!

पाणी १५ अंशांच्या वर असताना मुठीएवढे दहा-बारा गोळे टाकले तरी थवा ते फस्त करतो. गळाला मका, वाटाणा, शिजवलेले जव किंवा गांडूळ चालते. पाणी ८-१० अंशांवर आले, की धान्य बंद. सावकाश पचणाऱ्या पिष्टापेक्षा अळी बरी. आणि पेंड ओंजळभरच. जास्त टाकली तर माशाचे पोट लगेच भरते आणि तो दिवसभर पुन्हा तोंड उघडत नाही. उरलेली पेंड तळाशी कुजते आणि आधीच तोकडा असलेला प्राणवायू खाते.

वर उठणारे बूच

गळाच्या दोऱ्याला तरंगते बूच बांधलेले असते. मासा लागला की बूच बुडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ब्रीम लागला तर बूच पुष्कळदा वर उठते आणि आडवे पडते! कारण त्याच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. डोके खाली करून तो आमिष शोषतो आणि मग पुन्हा आडवा होतो. तसे होताना आमिषाजवळच्या शिशाच्या गोळीला तो उचलतो. बुचावरचा भार कमी होतो.

हिशेब करू. समजा, बूच म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाची मोरपिसाची कांडी आहे. (इंग्लंडमध्ये अशा कांड्या बुचांसाठी फार वर्षे वापरात आहेत.) तिच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.२८ चौरस सेंटिमीटर. गोळी अर्ध्या ग्रॅमची. शिशाची घनता ११.३ असल्याने गोळी ०.०४४ घन सेंटिमीटर पाणी सारते आणि पाण्यात तिचा भार ०.४५६ ग्रॅमच भरतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढा भार उचलला जाताच कांडीला ०.४५६ घन सेंटिमीटर पाणी कमी सारावे लागेल. ०.४५६ ला ०.२८ ने भागा. कांडी सुमारे १.६ सेंटिमीटर वर येईल. काठावरून हे स्पष्ट दिसते. बूच जाड असते तर दिसले नसते. व्यास दुप्पट केला तर उठाव चौपट कमी होतो, म्हणून ब्रीमसाठी कांडी बारीक हवी.

शिशाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाण्यात पडलेल्या या बारीक गोळ्या हंस खड्यांबरोबर गिळत आणि शिशाच्या विषाने मरत. म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून अशा लहान शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. आता कथील किंवा टंगस्टन वापरतात. कथलाची घनता ७.३ धरून वरचे गणित तुम्ही पुन्हा करा.

पकडलेला मासा परत सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत. ब्रीमच्या अंगावरचा जाड बुळबुळीत थर त्याचे बुरशीपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने तो निघून येतो.

करून पाहा

१. सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत माठातले गार पाणी काठोकाठ भरा, दुसरीत कोमट पाणी भरून त्यात थोडी शाई टाका. कोमट पाण्याच्या बाटलीवर जाड पुठ्ठ्याचा तुकडा दाबून ती उलटी करा, गार बाटलीच्या तोंडावर नेमकी ठेवा आणि पुठ्ठा हळूच काढा. शाई वरच राहील. हा उन्हाळ्यातला तलाव. आता बाटल्यांची अदलाबदल करून हाच प्रयोग करा आणि काय होते ते पाहा. कोणत्या ऋतूची आठवण होते? शिक्षकांनी हा प्रयोग परातीत करावा, पाणी सांडतेच.

२. शीतपेयाची एक नळी दोन्ही टोकांना मेणाने बंद करा. खालच्या टोकाला दोरा बांधून त्यावर एक छोटे नट नळीजवळ आणि दुसरे वीतभर खाली अडकवा. बादलीत सोडल्यावर नळी उभी राहून थोडीशीच पाण्याबाहेर दिसली पाहिजे. तशी ती होईपर्यंत नटे बदला. नळीवर शाईने मिलिमीटरच्या खुणा करा. मग वाकवलेल्या तारेने खालचे नट हलकेच उचला आणि नळी किती वर आली ते मोजा. नळीचा व्यास आणि नटाचे वजन यांवरून आधी काढलेल्या उत्तराशी ते ताडून पाहा. नट लोखंडी असेल तर घनता ७.८ धरावी.